तांदूळ : अन्न, अक्षता आणि औषध

मनुष्य केवळ भूक भागविण्यासाठी अन्न खात नाही. अन्नाने तो पाहुण्याचा सत्कार करतो, देवतेची पूजा करतो, मृतांचे स्मरण करतो आणि आजारी माणसाची शुश्रूषाही करतो. एकाच पदार्थाच्या ठायी पोषण, पावित्र्य आणि उपचार असे तिन्ही गुण मानले गेल्याची उदाहरणे जगातील बहुतेक सर्व समाजांत आढळतात. भूमध्य समुद्राच्या परिसरात गहू, द्राक्षे व ऑलिव्ह यांना, मध्य अमेरिकेत मक्याला, तर दक्षिण व पूर्व आशियात तांदळाला असे स्थान प्राप्त झाले. आज जगातील सुमारे निम्म्या लोकसंख्येचे मुख्य अन्न तांदूळ हेच आहे.

अन्नाची ही तीन कार्ये परस्परांना नेहमी पूरकच असतात काय? जो पदार्थ पवित्र मानला जातो तो शरीरास हितकर असतोच काय? तांदळाच्या इतिहासात या प्रश्नांचे मोठे उद्बोधक उत्तर मिळते. ज्या धान्यास प्राचीन वैद्यांनी पथ्यकर अन्नांत श्रेष्ठ स्थान दिले, त्याच धान्यावर जगणारी हजारो माणसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका विचित्र रोगाने मृत्युमुखी पडू लागली. त्या रोगाचे कारण शोधता शोधता शास्त्रज्ञांच्या हाती जीवनसत्त्वांची कल्पना आली.

दाण्याची रचना

पुढील हकिकत नीट समजण्यासाठी प्रथम तांदळाच्या दाण्याची रचना ध्यानात घेतली पाहिजे. लोंबीतून मिळणाऱ्या दाण्यास भात किंवा साळ असे म्हणतात. त्याच्या सर्वांत बाहेर कठीण तुसाचे आवरण असते. तूस काढले असता आत तपकिरी किंवा तांबूस रंगाचा दाणा दिसतो. या दाण्यावर अनेक पातळ पापुद्रे असतात. त्यांचाच पुढे कोंडा होतो. दाण्याच्या एका टोकाशी अंकुर असतो. पापुद्रे व अंकुर वगळता उरलेला पांढरा भाग म्हणजे दाण्याचा गाभा होय.

गाभा मुख्यतः पिष्टाचा बनलेला असतो. त्यापासून शरीरास ऊर्जा मिळते. परंतु स्निग्ध पदार्थ, खनिजे आणि ब-वर्गातील जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटा पापुद्र्यांत व अंकुरातच साठविलेला असतो. तांदूळ जितका अधिक सडावा तितका तो अधिक पांढरा व मऊ होतो, आणि त्याच प्रमाणात हे मौल्यवान घटक कोंड्याबरोबर निघून जातात. तांदळाच्या इतिहासाचे मर्म या एका गोष्टीत सामावलेले आहे.

संस्कारांतील आणि सणांतील तांदूळ

भारतात तांदळाचा संबंध माणसाच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या सर्व संस्कारांशी जोडलेला आहे. बालकास प्रथम अन्न देण्याचा अन्नप्राशन हा संस्कार गृह्यसूत्रांत सहाव्या महिन्यात सांगितला असून अनेक प्रांतांत त्या प्रसंगी भात किंवा खीर भरविली जाते. विवाहात वधूवरांवर अक्षता टाकतात. अक्षत म्हणजे न तुटलेले. म्हणून त्यासाठी अखंड दाणेच निवडून घेण्याची रीत आहे. श्राद्धात पितरांना अर्पण करावयाचे पिंड भाताचे असतात. तसेच एकादशीच्या दिवशी भात वर्ज्य मानला जातो. म्हणजे व्रतातील त्यागासाठीही तांदळाचीच निवड झालेली दिसते.

नव्या पिकाचे स्वागत हा तर सर्व भातशेतीच्या प्रदेशांत महत्त्वाचा सण होय. तमिळनाडूत पोंगलच्या दिवशी नव्या तांदळाचे भांडे उतू जाईपर्यंत शिजविणे शुभ समजतात. पश्चिम ओडिशात भाद्रपद शुद्ध पंचमीस नुआखाई साजरी होते आणि त्या दिवशी नवा तांदूळ प्रथम देवतेस अर्पण करून मग घरातील मंडळी तो ग्रहण करतात. कोकणात आश्विन पौर्णिमेस नवान्न पौर्णिमा म्हणतात. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात मातीच्या भांड्यांत शिजविलेला भात हाच महाप्रसादाचा प्रमुख भाग आहे. भारताबाहेर जपानमध्येही दरवर्षी २३ नोव्हेंबर रोजी सम्राट नवा तांदूळ देवतांना अर्पण करण्याचा विधी करतात.

या विधींमध्ये एक बारकावा आहे व तो विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. भारताच्या मोठ्या भागात तांदूळ दोन प्रकारांनी तयार करतात. एका प्रकारात साळ केवळ उन्हात वाळवून सडतात. दुसऱ्या प्रकारात ती आधी भिजवून, उकडून वा वाफवून, मग वाळवून सडतात. बंगालमध्ये पहिल्यास आतप व दुसऱ्यास सिद्ध, हिंदी प्रदेशांत अरवा व उसना, ओडिशात अरुआ व उसुना, तर तमिळनाडूत पच्चरिसी व पुळुंगल अरिसी अशी नावे आहेत. कोकणात व गोव्यात दुसऱ्या प्रकारास उकडा तांदूळ म्हणतात. उकडा तांदूळ एकदा शिजलेला असल्यामुळे तो पूजेस व नैवेद्यास चालत नाही, असा संकेत अनेक ठिकाणी आहे. अशा रीतीने न उकडलेल्या पांढऱ्या तांदळास पावित्र्याचा व प्रतिष्ठेचा मान मिळाला, तर उकडा तांदूळ कष्टकरी माणसाचा रोजचा आहार बनून राहिला.

प्राचीन वैद्यकातील तांदूळ

ऋग्वेदात व्रीही हा शब्द आढळत नाही. नंतरच्या संहितांत मात्र तो वारंवार येतो. अथर्ववेदात व्रीही व यव यांना औषधी गुणांची धान्ये म्हटले आहे. पाणिनीच्या व्याकरणात साठ रात्रींत पिकणाऱ्या षष्टिक नावाच्या भाताची नोंद आहे. मराठीतील साठी भात तो हाच. केरळमध्ये अशाच अल्प मुदतीत पिकणाऱ्या नवर जातीच्या तांदळाचा उपयोग आयुर्वेदिक उपचारांत अद्याप होतो. तो दुधात व काढ्यात शिजवून त्याच्या पुरचुंड्यांनी शरीर शेकले जाते.

चरकसंहितेत शूकधान्यांमध्ये, म्हणजे कुसळ असलेल्या धान्यांमध्ये, तांबड्या साळीस सर्वांत पथ्यकर ठरविले आहे. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायात निरनिराळ्या व्याधींसाठी अठ्ठावीस प्रकारच्या यवागू, म्हणजे पेजा, सांगितल्या आहेत. वमन, विरेचन इत्यादी शोधनक्रिया झाल्यावर रोग्याचा अग्नी मंद झालेला असतो. म्हणून त्यास प्रथम पातळ पेया, नंतर दाट विलेपी आणि शेवटी नेहमीचे अन्न अशा क्रमाने आहार द्यावा, असा नियम घालून दिलेला आहे. बौद्ध विनयग्रंथातही बुद्धाने पेजेचे दहा लाभ सांगितल्याचा उल्लेख आहे. भूक व तहान शमविणे, बल देणे आणि पचनास साहाय्य करणे यांचा त्यांत समावेश होतो.

या ग्रंथकारांना जीवनसत्त्वे ठाऊक नव्हती. त्यांचे निष्कर्ष दीर्घकालीन निरीक्षणावर आधारलेले होते. परंतु ते ज्या तांदळाविषयी लिहीत होते तो तांदूळ उखळात मुसळाने सडलेला होता. अशा सडणीत दाण्यावरील पापुद्र्यांचा काही भाग शिल्लक राहतोच. चरकाने चांगला धुऊन, पाणी निथळून शिजविलेला भात पचनास हलका म्हटला आहे. त्या काळच्या तांदळास हा उपदेश लागू करताना फारसा अपाय होण्याचा संभव नव्हता. तांदूळच बदलला तर तोच उपदेश कितपत निर्धोक राहील, हा प्रश्न पुढे दोन हजार वर्षांनी उपस्थित व्हावयाचा होता.

उखळ जाऊन गिरणी आली

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रह्मदेश, सयाम व इतर भातउत्पादक देशांत वाफेवर चालणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या. घरोघरी पहाटे उठून साळ कांडण्याचे कष्ट स्त्रियांच्या वाट्याला येत असत. गिरणीने ते कष्ट वाचविले, हा तिचा मोठाच उपकार होय. गिरणीतील तांदूळ स्वच्छ, पांढरा व एकसारखा असे. कोंड्यातील स्निग्धांश निघून गेल्यामुळे तो लवकर खवट होत नसे व दूरच्या प्रवासास टिकत असे. त्यामुळे जहाजे, सैन्ये, तुरुंग, खाणी आणि मळे यांच्यासाठी हाच तांदूळ खरेदी होऊ लागला. पूर्वी जो शुभ्र तांदूळ श्रीमंतांच्या ताटात किंवा सणासुदीस दिसे, तो आता सामान्य मजुरास रोज मिळू लागला.

त्याच सुमारास बेरीबेरी हा रोग झपाट्याने पसरला. या रोगात प्रथम पाय बधिर होतात व त्यांतील शक्ती जाते. पुढे अंगास सूज येते, धाप लागते आणि अखेर हृदयक्रिया बंद पडून मृत्यू येतो. तान्ह्या मुलांत तर काही तासांतच प्राण जाण्याचा प्रसंग येतो. रोग जंतूंमुळे होतो, दमट हवेमुळे होतो की विषामुळे होतो, याविषयी वैद्यांत एकमत नव्हते.

जपानी नौदलाचा अनुभव

जपानमध्ये हा रोग पूर्वीपासून परिचित होता. एदो, म्हणजे आजचे टोकियो, या राजधानीत पांढरा तांदूळ खाण्याची रीत आधी रूढ झाली होती. प्रांतांतून राजधानीत येऊन राहणारे सरदार व त्यांचे सेवक तेथे आजारी पडत आणि गावी परतल्यावर बरे होत. म्हणून लोक या रोगास 'एदोची व्याधी' असे म्हणत. राजधानीतील आहार प्रतिष्ठेचा असल्यामुळे दोष त्या आहारात असेल, अशी शंका सहसा कोणास आली नाही.

१८८२ साली र्यूजो या शिकाऊ युद्धनौकेने दीर्घ सफर सुरू केली. १८८३ मध्ये ती परतली तोपर्यंत नौकेवरील ३७६ माणसांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाली होती व २५ जण मरण पावले होते. नौदलातील वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी अधिकारी व खलाशी यांच्या आहाराची तुलना केली. खलाशी जवळजवळ केवळ भातावर राहत असत. १८८४ साली त्यांच्या आग्रहावरून त्सुकुबा ही नौका त्याच मार्गाने पाठविण्यात आली. मात्र आहारात मांस, मासे, कडधान्ये व जव यांचे प्रमाण वाढविले गेले. या वेळी केवळ १४ जणांना रोग झाला आणि मृत्यू एकाचाही झाला नाही.

ताकाकी यांचा उपाय खरा ठरला, परंतु त्यांची उपपत्ती चुकीची होती. आहारात प्रथिनांची उणीव असल्यामुळे रोग होतो, असे त्यांना वाटले. उपपत्ती कच्ची असल्याने सैन्यातील अनेक वैद्यांनी त्यांचा उपायही नाकारला. शिवाय शेतकऱ्यांच्या घरांतून आलेल्या सैनिकांना पांढरा भात हे सैन्यातील नोकरीचे मोठे आकर्षण वाटत होते. याची किंमत १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात मोजावी लागली. त्या युद्धात जपानी भूसेनेतील सुमारे दोन लाखांहून अधिक सैनिकांना बेरीबेरी झाली आणि सुमारे २७,००० सैनिक त्या रोगाने दगावले.

जावातील कोंबड्या आणि कैदी

याच काळात डच सत्तेखालील जावा बेटावर, बटाव्हिया येथील लष्करी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत क्रिस्तियान आइकमान हे संशोधक बेरीबेरीच्या जंतूचा शोध घेत होते. १८८९ साली त्यांच्या प्रयोगांसाठी पाळलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. ज्यांना कोणताही जंतू टोचला नव्हता अशा कोंबड्याही आजारी पडल्या. काही महिन्यांनी त्या सर्व आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी करता असे आढळले, की प्रयोगशाळेतील नोकर काही काळ रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढरा भात कोंबड्यांना घालीत असे. पुढे नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा भात लष्कराबाहेरच्या कोंबड्यांना देण्यास त्याने नकार दिला, तेव्हा त्यांना पुन्हा साधा बिनसडीचा तांदूळ मिळू लागला. आइकमान यांनी दोन्ही प्रकारच्या तांदळांवर मुद्दाम प्रयोग केले. पांढऱ्या तांदळाने कोंबड्या आजारी पडत व त्यात कोंडा मिसळला असता बऱ्या होत.

माणसांविषयीही हेच खरे आहे काय, हे पाहण्यासाठी आडोल्फ फोर्डरमान यांनी जावातील सुमारे शंभर तुरुंगांची पाहणी केली. जेथे पांढरा तांदूळ दिला जाई तेथे सुमारे ३९ कैद्यांमागे एकास बेरीबेरी झाली होती. जेथे कोंड्यासह तांदूळ दिला जाई तेथे हे प्रमाण दहा हजारांत एक इतके अल्प होते. तुरुंगाची इमारत जुनी की नवी, हवा खेळती की कोंदट, यांचा रोगाशी संबंध दिसला नाही.

आइकमान यांना आरंभी वाटले, की पिष्टात काही विष असावे व कोंड्यात त्याचा उतारा असावा. १९०१ साली त्यांचे उत्तराधिकारी खेरित ग्रेन्स यांनी अधिक सरळ अर्थ लावला. पांढऱ्या तांदळात विष नाही. त्यात शरीरास आवश्यक असा एक सूक्ष्म घटक नाही. एखादी वस्तू अन्नात असल्यामुळे नव्हे, तर नसल्यामुळे रोग होतो, ही कल्पना त्या काळी अगदी नवी होती. १९१२ साली कासिमिर फुंक यांनी अशा घटकांना 'व्हिटामिन' हे नाव सुचविले. १९२६ साली यान्सेन व दोनात यांनी जावातच तांदळाच्या कोंड्यातून या घटकाचे स्फटिक वेगळे काढले. १९३६ साली रॉबर्ट विल्यम्स यांनी त्याची रासायनिक रचना निश्चित करून तो प्रयोगशाळेत तयार केला. यासच थायमिन किंवा जीवनसत्त्व ब-१ म्हणतात. आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

थायमिनचे कार्य असे : पिष्टमय पदार्थांपासून शरीरास ऊर्जा मिळण्याच्या क्रियेत त्याची गरज असते. म्हणून जो मनुष्य जवळजवळ केवळ भातच खातो त्यास थायमिनची गरज अधिक भासते. शरीरात याचा साठा फार थोडा असतो व तो काही आठवड्यांतच संपतो. मज्जातंतू व हृदय यांस ऊर्जेची गरज सतत लागत असल्याने प्रथम तेच पीडित होतात.

मलायात तीन समाज, तीन प्रकारचे तांदूळ

विसाव्या शतकाच्या आरंभी मलायात एक उद्बोधक दृश्य दिसत होते. तेथे चिनी, मलायी व तमिळ असे तीन समाज एकाच हवामानात राहत होते व तिघांचेही मुख्य अन्न तांदूळच होते. कथिलाच्या खाणींत काम करणारे चिनी मजूर सयामचा पांढरा तांदूळ खात व बेरीबेरीस मोठ्या प्रमाणावर बळी पडत. खेड्यांतील मलायी शेतकरी घरी सडलेला तांदूळ खात. त्यांच्यात रोग क्वचित दिसे. तमिळ मजूर भारतातून आलेला उकडा तांदूळ खात. तेही या रोगापासून मुक्त होते.

या निरीक्षणाची कसोटी १९०५-०६ मध्ये क्वालालंपूर येथील मनोरुग्णालयात घेण्यात आली. विल्यम फ्लेचर यांनी रुग्णांचे दोन गट केले. एका गटास पांढरा न उकडलेला तांदूळ व दुसऱ्यास उकडा तांदूळ देण्यात आला. पहिल्या गटातील सुमारे १२० रुग्णांपैकी १८ जण बेरीबेरीने मरण पावले. तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या गटात त्या रोगाने एकही मृत्यू झाला नाही. आपल्या संमतीविषयी ज्यांना काही सांगता येत नव्हते अशा रुग्णांवर हा प्रयोग झाला, हे आजच्या वैद्यकीय नीतीस मान्य होणार नाही. परंतु त्याचा निष्कर्ष निर्विवाद होता.

उकड्या तांदळाचे रहस्य

गिरणीतच सडलेला असूनही उकडा तांदूळ रोगापासून रक्षण का करतो? साळ पाण्यात भिजविली असता पापुद्र्यांतील व अंकुरातील थायमिन पाण्यात विरघळते आणि पुढे उकडताना ते गाभ्यात शिरते. उष्णतेने पिष्टाचे कण फुगून परस्परांत मिसळतात व दाणा घट्ट होतो. त्यामुळे नंतर कोंडा काढून टाकला तरी थायमिनचा मोठा भाग दाण्यातच राहतो. शिवाय दाणा कांडताना कमी तुटतो. कोकणातील, केरळातील वा बंगालमधील गृहिणीने साळ उकडण्याची रीत स्वीकारली ती तूस सहज सुटावे व कणी कमी व्हावी म्हणून. आरोग्याचा लाभ तिला नकळत मिळाला.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या बहुपरिचित कोष्टकांत दर १०० ग्रॅम तांदळातील थायमिनचे प्रमाण पुढीलप्रमाणे दिले आहे :

न उकडलेला, गिरणीत सडलेला — ०.०६ मिलिग्रॅम
न उकडलेला, हातसडीचा — ०.२१ मिलिग्रॅम
उकडा, गिरणीत सडलेला — ०.२१ मिलिग्रॅम
उकडा, हातसडीचा — ०.२७ मिलिग्रॅम

प्रौढ माणसास दररोज साधारणपणे सव्वा ते दीड मिलिग्रॅम थायमिन लागते. दिवसास ४०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्यास पहिल्या प्रकारातून ०.२४, तर तिसऱ्या प्रकारातून ०.८४ मिलिग्रॅम थायमिन मिळते. थायमिन पाण्यात विरघळणारे असल्याने तांदूळ पुनःपुन्हा धुतल्यास व भात वेळून पेज टाकून दिल्यास त्यातूनही बराच भाग नष्ट होतो. डाळ, भाजी, मासे यांसारखे पदार्थ बरोबर असतील तर ही उणीव भरून निघते. नसतील तर उणिवेचे रूपांतर रोगात होते.

या विषयाचा अभ्यास भारतातही लवकर सुरू झाला. १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांच्या नेतृत्वाखाली बेरीबेरीच्या संशोधनासाठी एका खोलीची प्रयोगशाळा स्थापन झाली. पुढे तिचा विस्तार झाला, १९५८ साली ती हैदराबादला हलविण्यात आली आणि तिचेच रूपांतर राष्ट्रीय पोषण संस्थेत झाले. कुन्नूरच्या संशोधकांना असे आढळले, की आंध्रच्या किनारपट्टीवर, जेथे न उकडलेला गिरणीचा तांदूळ रूढ होता, तेथे बेरीबेरी मूळ धरून होती. उकडा तांदूळ खाणाऱ्या शेजारच्या प्रदेशांत तिचा प्रादुर्भाव अत्यल्प होता. १९३४ साली वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा प्रचार हाती घेतला. म्हैसूर येथे १९५० साली सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने साळ गरम पाण्यात थोडे तास भिजविण्याची पद्धत विकसित केली. दोन-तीन दिवस थंड पाण्यात भिजविल्याने उकड्या तांदळास जो उग्र वास येई, तो या पद्धतीत टळतो.

पेजेची नवी कसोटी

वर वर्णिलेल्या यवागूंच्या बाबतीत आधुनिक विज्ञान काय सांगते, हेही पाहण्याजोगे आहे. पटकी व अतिसार यांत रोगी दगावतो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. आतड्यात साखर व मीठ यांचे शोषण एकमेकांच्या साहाय्याने होते आणि त्यांच्यापाठोपाठ पाणीही शोषले जाते. या तत्त्वावर साखर व क्षार यांचे मिश्रण पाजण्याची पद्धत तयार झाली. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यावयाचे द्रव संपल्यावर हे मिश्रण तोंडावाटे देऊन असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले.

त्यानंतर ढाका येथील संशोधकांनी साखरेऐवजी तांदळाचे पीठ शिजवून त्यात क्षार मिसळून पाहिले. तांदळातील पिष्टापासून ग्लुकोज हळूहळू सुटत असल्याने पटकीच्या रुग्णांत हे मिश्रण विशेष उपयुक्त ठरले. अतिसारात पेज द्यावी, या जुन्या अनुभवास अशा प्रकारे प्रयोगाचा आधार मिळाला. मात्र येथे एक मर्यादा स्पष्ट झाली. नुसती पेज पुरेशी नाही. तीत क्षारांचे प्रमाण मोजून असावे लागते, आणि रोगी फार क्षीण झाला असेल तर त्यास तत्काळ रुग्णालयात नेलेच पाहिजे. परंपरेने दिशा दाखविली, परंतु प्रमाण निश्चित करण्याचे काम विज्ञानाने केले.

आजही उरलेला धोका

बेरीबेरी हा केवळ इतिहासातील रोग आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. अलीकडच्या वर्षांत काश्मीर खोऱ्यातून व ईशान्य भारतातून थायमिनच्या अभावाने आजारी पडलेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या आहेत. काश्मीरमधील नोंदींत विशेषतः केवळ आईच्या दुधावर असलेली तान्ही बालके आढळतात. बालक एकाएकी दूध पिणे सोडते, त्यास धाप लागते व ते अत्यवस्थ होते. अशा वेळी थायमिनचे इंजेक्शन दिल्यास काही तासांत प्रकृती सुधारते. निदान न झाल्यास मृत्यू ओढवतो. पुनःपुन्हा धुतलेला पांढरा तांदूळ, बाळंतिणीस अनेक पदार्थ वर्ज्य ठरविणारी पथ्ये आणि आहारातील एकसुरीपणा ही त्यामागील कारणे सांगितली जातात. बाळंतिणीच्या पथ्यामागे तिची काळजी घेण्याचाच हेतू असतो. परंतु भाताव्यतिरिक्त बरेचसे अन्न तिला वर्ज्य झाले आणि तो भातही निःसत्त्व असला, म्हणजे ही काळजीच बालकाच्या जिवावर बेतते.

यावरून असे दिसते, की तांदळाच्या पावित्र्यात किंवा जुन्या वैद्यकात दोष नव्हता. रीतिरिवाज तेच राहिले आणि त्यांच्या आधारस्थानी असलेला तांदूळ मात्र बदलला. उखळातील तांदूळ जाऊन गिरणीतील आला, तरी धुण्याची, वेळण्याची व पथ्याची रीत पूर्वीचीच चालू राहिली. शुभ्रतेस मिळालेला मान सणाच्या ताटापुरता होता तोवर निरुपद्रवी होता; तो रोजच्या ताटात आला तेव्हा घातक ठरला. उलट, ज्या उकड्या तांदळास नैवेद्यात स्थान नव्हते त्याने कोट्यवधी श्रमिकांचे रक्षण केले.

अक्षतांसाठी अखंड पांढरा दाणा निवडण्यास कोणाचीच हरकत असण्याचे कारण नाही. रोजच्या आहारासाठी मात्र निवड वेगळ्या कसोटीवर व्हावी. शक्य तेथे उकडा किंवा कमी सडलेला तांदूळ वापरावा, तो एकदोनदाच धुवावा, पेज टाकून न देता ती पिण्यास किंवा आमटीत घालण्यास घ्यावी, भाताबरोबर डाळ व भाजी असावी, आणि गरोदर व बाळंत स्त्रीच्या ताटातून सकस पदार्थ कमी न करता वाढवावेत. कोकणात व गोव्यात कष्टाचे काम करणारी माणसे सकाळी उकड्या तांदळाची पेज, लोणचे किंवा सुक्या मासळीची चटणी घेऊन शेतावर जात. देवापुढे ठेवण्यास जो तांदूळ चालला नाही, त्याच तांदळाच्या या न्याहारीने त्यांना दिवसभराचे बळ दिले.